शिडीने दादाला टाळलं होतं का?

मित्रांनो, मार खाणं हाच माझा जन्मभराचा उद्योग. कुणी सरावासाठी मारलं, कुणी रागाने, तर कुणी घरचं भांडण विसरण्यासाठी. मी मात्र कुणाला उलट मारलं नाही. निदान मुद्दाम तरी नाही. मी एक जुनी, चामड्याची पंचिंग बॅग. एका बॉक्सिंग क्लबच्या तुळईला साखळीने लोंबकळते. अंगावर इतकी ठिगळं आहेत, की त्यांत मूळची मी किती उरले आहे हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

पण आज मी माझं गाऱ्हाणं सांगत नाही. आमच्या खिडकीबाहेर एक वाद वर्षानुवर्षं चालला. देशाच्या हेवीवेट चॅम्पियनने एका जुन्या, धोकादायक मुष्टियोद्ध्याला घाबरून टाळलं, की नाही? या वादात प्रत्येकाने तोंड घातलं. मला कुणी विचारलं नाही. वास्तविक त्या दोघांचेही ठोसे मी खाल्ले होते, पण बॅगेला कोण विचारतं! म्हणून आता तुम्हालाच सांगते.

माझा जन्म क्लबसमोरच्या गल्लीत, मोच्याच्या दुकानात झाला. मोची एरवी चपला आणि दप्तरं शिवायचा. माझं चामडं त्याने दोनदा भिजवलं, दोनदा वाळवलं, आणि मेणाचा दोरा घालून दुहेरी टीप मारली. हे काम त्याच्या नेहमीच्या कामापेक्षा मोठं होतं, त्यामुळे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून मला दाखवायचा. मला तेव्हा फार बरं वाटायचं. माझं पोट भरलं शिंपीकाकांनी. त्यांचं दुकान क्लबच्या भिंतीला भिंत लावून होतं. कोटांची अस्तरं, शर्टांच्या बाह्या, शाळेच्या गणवेशांचे निळे तुकडे अशा चिंध्या त्यांनी पोतं पोतं भरून आणल्या आणि माझ्यात ठासल्या. मधोमध वाळूची एक पिशवी बसवली. तेव्हापासून शिंपीकाका माझ्यावर हक्क सांगतात. "हिचं पोट मी भरलंय," असं ते आजही सांगतात, जणू रोज दोन वेळा मला वाढत होते.

आता माझ्या प्रकृतीविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. माझ्यासारखी चिंध्यांची बॅग टांगून ठेवली, की आतलं भरण हळूहळू खाली बसतं. वरचं अंग पोकळ, मऊ होत जातं आणि तळाशी दगड होतो. अशा तळावर कुणी जोरात ठोसा मारला, तर मनगट गेलंच म्हणायचं. त्यावर उपाय सोपा आहे. माझ्या दोन्ही टोकांना कड्या आहेत. अधूनमधून मला उतरवायचं, उलटं करायचं आणि दुसऱ्या कडीने टांगायचं. मग दगड वर जातो आणि मार खाऊन पुन्हा मोकळा होतो.

क्लब चालवणारे मास्तर कमी बोलणारे होते. गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर टॉवेल, एवढाच त्यांचा थाट. त्यांनी एक नियम केला होता. शनिवारी सरावाला जो सगळ्यात उशिरा येईल, त्याने बॅग पालटायची. मग तो काल आलेला पोरगा असो, नाहीतर स्पर्धा जिंकून आलेला पठ्ठ्या. मी वजनाने काही कमी नाही, त्यामुळे शनिवारी सगळे वेळेवर यायचे.

सगळे, एक सोडून. तो विशीतला, बांबूसारखा उंच आणि हडकुळा. त्याला पहिल्याच दिवशी दादाने 'शिडी' म्हटलं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. शिडीला वेळेवर येणं म्हणून कधी जमलं नाही. दर शनिवारी तो धापा टाकत आत यायचा, मुकाट्याने मला मिठी मारायचा आणि साखळीवरून उतरवायचा. उतरवताना माझ्याशी बोलायचाही. "चला आजी, डोकं खाली, पाय वर." मी तेव्हा आजी नव्हते, पण मला राग आला नाही.

दादा म्हणजे आमच्या क्लबचा जुना हेवीवेट. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा. मान जाड, बोलणं सावकाश, आणि उजवा हात असा, की त्याचं नाव काढलं तरी पाहुण्या क्लबातले लोक पाणी प्यायला उठायचे. दादाचा खास ठोसा खालून यायचा, बरगडीच्या शेवटच्या हाडाखाली. तो माझ्या खालच्या अंगावर बसला, की तुळईवरची धूळ पडायची. उलट शिडीचा डावा हात लांब आणि चपळ. टप टप टप असा तो माझ्या तोंडावर वाजायचा. दोघांची जात वेगळी होती, पण दादानेच शिडीला उभं राहायला शिकवलं. सराव संपला, की दादा त्याला घरी जेवायला न्यायचा. वहिनी त्याच्यासाठी वेगळं मोठं ताट ठेवायच्या, कारण शिडीच्या पोटाला तळ नव्हता. दादाची लहान लेक त्याच्या खांद्यावर बसून छताला हात लावायची.

पुढे शिडी अंगाने भरला आणि एका मोठ्या शहरातल्या क्लबाने त्याला बोलावून घेतलं. जाताना तो मास्तरांच्या पाया पडला, दादाच्या पडला आणि मला एक थाप मारून गेला. मला खरंच वाईट वाटलं. काही वर्षांत तो देशाचा हेवीवेट चॅम्पियन झाला. आमच्याकडे मात्र शनिवारी माझ्याकडे कोण बघणार, हा प्रश्न उभा राहिला.

वाद सुरू झाला तो त्यानंतर. चॅम्पियन झालेल्या शिडीपुढे आता आव्हान देणारे उभे राहायला लागले, आणि त्यांत सगळ्यात जुनं, सगळ्यात अवघड नाव होतं दादाचं. वय चाळिशीला टेकलं होतं, पण दादा अजून एकेकाला झोपवत होता. लढत मात्र ठरेना. संध्याकाळी शिंपीकाकांच्या दुकानाच्या पायरीवर माणसं जमायची आणि माझ्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. एका बाजूला शिंपीकाका, दुसऱ्या बाजूला समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर, जो संध्याकाळी आमच्या मुलांच्या जखमा बांधायला यायचा.

"शेपूट घातलीय त्याने, दुसरं काही नाही," शिंपीकाका कात्री हलवत म्हणायचे. "लढला कुणाशी सांगा की? एक तो पोट सुटलेला, एक काल मिसरूड फुटलेला. आणि दादाचं नाव निघालं, की लगेच याचा खांदा दुखायला लागतो!"

"खांदा दुखतो हो माणसाचा," कंपाउंडर म्हणायचा.

"दादाचं नाव निघालं की मगच?"

"अहो, त्याच्या बाजूने बघा जरा. जिंकला तर लोक म्हणणार, म्हाताऱ्याला बडवला. हरला तर म्हणणार, म्हाताऱ्याकडून मार खाल्ला. कोण शहाणा असल्या लढतीत पडेल?"

"म्हणजे टाळलंच ना शेवटी?"

"टाळणं वेगळं आणि थांबणं वेगळं. बॉक्सिंग संघटनेने अजून नावच पुढे केलेलं नाही. तारीख नाही, काही नाही, आणि तुम्ही त्याला भित्रा ठरवून मोकळे!"

"तारीख मागायला जीभ लागते. ती याची टाळ्याला चिकटलीय."

असं हे रोज चालायचं. दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य होतं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायचं नव्हतं. कारखान्यातून येताना दादा त्या पायरीशी थांबायचा. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर. आपल्याविषयीचं बोलणं कुणाला नको असतं? 'दादासमोर कुणाचे पाय टिकत नाहीत' हे ऐकण्यात त्याचा वेळ कसा जायचा ते त्याला कळायचं नाही, आणि तो क्लबात उशिरा पोचायचा. शनिवारीसुद्धा.

नियमाने मला पालटायची पाळी दादाची होती. पण दादाला कोण सांगणार? मुलं एकमेकांकडे बघायची. मास्तर एकदा माझ्याकडे बघून खाकरले, तेव्हा दादा हसून म्हणाला, "पुढच्या शनिवारी, मास्तर. आज कंबर भरलीय." पुढच्या शनिवारी कुणी काही बोललं नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. दुसऱ्या कुणी पालटावं, तर तो दादाचा अपमान झाला असता. म्हणून कुणीच पालटलं नाही. मी तशीच लोंबकळत राहिले आणि माझा तळ दिवसेंदिवस घट्ट होत गेला. मित्रांनो, मला कळत होतं. ओरडता आलं असतं, तर मी ओरडले असते.

एका संध्याकाळी मुलं गेल्यावर क्लबात फक्त दादा आणि मास्तर होते. बाहेर पायरीवर नेहमीचंच चाललं होतं, आणि त्या दिवशी शिंपीकाकांच्या जिभेला धार होती. ते ऐकून दादाला चेव आला. त्याने पाय रोवले, खांदा खाली घेतला आणि आपला तो खालचा ठोसा माझ्या तळावर घातला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. माझा नव्हता तो. दादाच्या हाताचा होता.

तो ओरडला नाही. हात पोटाशी धरून तो खाली बसला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांनी माझा तळ अंगठ्याने दाबून बघितला आणि डोळे मिटले. मग त्यांनी दार लावून कंपाउंडरला मागच्या बाजूने आत घेतलं. कंपाउंडरने पट्टी बांधली. दादा त्याला म्हणाला, "हे बाहेर जाता कामा नये. बॅगेने हात मोडला म्हणून लोक पोट धरून हसतील." कंपाउंडरने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून दादा कारखान्यात तो हात बर्फाच्या लादीवर ठेवून उभा राहायचा. तिथे गार पडलेल्या हाताविषयी कुणाला शंका येत नाही.

आणि त्याच आठवड्यात फोन आला. आमचा फोन माझ्या शेजारच्या भिंतीवर होता. मास्तरांनी तो उचलला आणि त्यांचा आवाज बदलला.

"बोल रे शिडी... काय म्हणतोस? लढायचं? दादाशी?" ते बराच वेळ ऐकत राहिले. "संघटनेला सांगितलंस? नाही ना अजून? मग नको सांगू. अरे, त्याचा हात मोडलाय. उजवाच... नाही, हे कळलं तर त्याला पुढे कुणी रिंगमध्ये उभं करणार नाही. तू बोलणार नाहीस. शब्द दे मला."

शिडीने शब्द दिला असावा, कारण मास्तरांनी फोन ठेवून टॉवेलने तोंड पुसलं. संध्याकाळी त्यांनी दादाला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "त्याने हो म्हटलं होतं." दादा माझ्या सावलीत खाली बसला.

हात बरा झाला, पण वाकडा. मूठ पूर्ण वळेना. दादा त्यानंतर थोड्या लढती डाव्या हातावर लढला आणि थांबला. थांबला तेव्हा एक वार्ताहर आला. त्याने विचारलं, "दादा, चॅम्पियनने तुम्हाला टाळलं असं लोक म्हणतात. खरं का?"

मित्रांनो, दादा खोटं बोलला नाही. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तो नुसता हसला. पण त्या हसण्याचा अर्थ वार्ताहराने लावला, त्यावर शिंपीकाकांनी कळस चढवला, आणि दोन दिवसांत सगळ्या वस्तीत एकच झालं, की शिडी घाबरून पळाला. दादाला हार घातले. रस्त्यातली मुलं त्याच्या मागे चालायला लागली. त्याच्या लेकीला शाळेत मान मिळाला. आता तोंड उघडायचं, तर हे सगळं खाली ठेवावं लागणार होतं. दादाने मूग गिळले. आधी हाताची लाज होती, नंतर हाराची सवय झाली. आणि वेळ अशी गेली, की बोलायला जागाच उरली नाही.

शिडीचं काय झालं तेही सांगते. पुढच्या लढतींत तो जिंकला तरी मागून आवाज यायचा, "दादाशी लढ की!" तो काही बोलायचा नाही. पुढे किताब गेला, पण ती हाक गेली नाही. वहिनींनी त्याचं मोठं ताट फडताळात मागे सरकवलं. तो इकडे फिरकला नाही. मास्तर वारले तेव्हा त्याने फुलं पाठवली, स्वतः आला नाही. आला असता, तर लोकांनी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

पायरीवरचा वादही चालूच राहिला, पण त्याची चव गेली होती. कंपाउंडर अजूनही शिडीची बाजू घ्यायचा. मात्र पूर्वीसारखा भांडायचा नाही. "त्याने टाळलं नसेल हो," एवढंच म्हणायचा. "पुरावा काय?" शिंपीकाका विचारायचे. कंपाउंडर चहाच्या कपात बघायचा. ज्याची पट्टी बांधली, त्याचं दुखणं चारचौघांत बोलायचं नाही, हे त्याचं व्रत होतं. तो रोज हरायला यायचा आणि हरून घरी जायचा. खिडकीतून मला त्याची फार कीव यायची.

मास्तर गेल्यावर माझेही दिवस फिरले. रेक्झिनच्या नव्या, चकचकीत बॅगा आल्या. त्यांना पालटावं लागत नाही म्हणे. मला कोपऱ्यात टाकलं. माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडायचे, एका पावसाळ्यात बुरशीही आली. मग दादाची लेक मोठी होऊन क्लब चालवायला लागली. मुलं तिला ताई म्हणतात. ती बापाची लेक शोभते: जाड मान, सावकाश बोलणं. तिने मला कोपऱ्यातून काढलं, तेल लावलं आणि पुन्हा तुळईला टांगलं. मी हरखून गेले. पण माझ्यावर कुणी हात चालवायचा नाही, असा तिचा हुकूम होता. माझ्या शेजारच्या भिंतीवर तिने दादाचा फोटो लावला आणि खाली लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चॅम्पियनने ज्याला टाळलं, तो हा!' मी त्या फोटोची शोभा झाले होते. शोभेच्या वस्तूला कोण पालटतं?

"कशाला गं हे?" दादा म्हणाला होता.

"असू दे बाबा. खरं तेच लिहिलंय," ताई म्हणाली. त्या दिवसापासून दादा खुर्ची नेहमी अशी ठेवायचा, की भिंतीकडे पाठ येईल.

एका शनिवारी संध्याकाळी दारात एक उंच म्हातारा उभा राहिला. केस पांढरे, खांदे झुकलेले. चौकटीखाली त्याने सवयीने मान वाकवली आणि मी त्याला तिथेच ओळखलं. ताईनेही ओळखलं, पण ती जागची हलली नाही.

"काय काम होतं?" तिने विचारलं.

"काम काही नाही गं. मुलाकडे परदेशी राहायला चाललोय, कायमचा. म्हटलं, जाण्याआधी एकदा बघून जावं." तो आत आला. त्याची नजर भिंतीवर गेली आणि त्याने ती लाल ओळ सावकाश वाचली. शिंपीकाका आणि कंपाउंडर, दोघेही आता काठी टेकणारे, खिडकीत येऊन उभे राहिले होते.

"अक्षर छान आहे," शिडी म्हणाला. "तुझं का?"

दादा खुर्चीत ताठ बसला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग शिडी माझ्याकडे वळला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, खाली वाकला आणि अंगठ्याने माझा तळ दाबला.

"आजी, तुला कुणी पालटत नाही वाटतं. खाली दगड झालाय." मग तो हसला. "आज शनिवार ना? आणि सगळ्यात उशिरा मीच आलोय. चला."

त्याने मला मिठी मारली. ती मिठी तीच होती. ताई पुढे आली. "राहू द्या. ती नुसती बघायला ठेवलीय."

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब शिडी," दादा म्हणाला. "तुझी पाळी नाही. माझी राहिलीय."

तो माझ्याजवळ आला आणि त्याने दोन्ही हात माझ्या तळाखाली घातले. डावा हात बसला, उजवा घसरला. ती बोटं वळत नव्हती. त्याने पुन्हा घातला, पुन्हा घसरला. सगळे बघत होते. दादाने तो हात वर करून लेकीसमोर धरला.

"हा हात या बॅगेवर मोडलाय, पोरी. हिला पालटायची पाळी माझी होती, मी पालटलं नाही. बाहेर माझी वाहवा ऐकत उभा राहायचो. त्याच आठवड्यात याचा होकार आला होता. याने मला टाळलं नाही. मीच उभा राहिलो नाही, आणि मग तोंडही उघडलं नाही."

खिडकीतून शिंपीकाका ओरडले, "दादा, काय बोलतोस तू हे!"

कंपाउंडर मात्र खिडकीच्या कठड्यावर टेकला. "सुटलो बाबा," तो म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला. शिंपीकाकांनी त्याच्याकडे वळून बघितलं. इतकी वर्षं आपण कुणाला हरवत होतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं. "बाबा, या गोष्टीवरून मी शाळेत मुलींशी भांडलेय. यांच्याविषयी रस्त्यात लोक काय काय बोलले, ते मीही बोललेय. तुम्ही एकदा तरी नाही म्हणायचं होतं."

"हो," दादा म्हणाला. "म्हणायला हवं होतं."

"आणि तुम्ही?" ती शिडीकडे वळली. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मास्तरांना शब्द दिला होता. आणि दादाच्या घरचं जेवलोय मी." शिडी थोडा थांबला. "पण एक सांगतो, घाबरलो होतो हे खरं आहे. तो खालचा ठोसा मी जवळून पाहिला होता ना. दादाचा हात मोडलाय हे ऐकून पहिल्यांदा सुटकाच वाटली. त्याची लाज मला अजून वाटते."

"बघा!" शिंपीकाकांनी खिडकीवर थाप मारली. "घाबरला होता! मी काय म्हणत होतो?"

सगळ्यांच्या आधी दादा हसला. मग शिडी, मग डोळे पुसत ताईसुद्धा. हसता हसता दादाने आपला वाकडा हात शिडीच्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "माफ कर रे," तो म्हणाला. शिडीने मान हलवली.

मग तिघांनी मिळून मला उतरवलं. एका बाजूला शिडी, एका बाजूला दादा, खालून ताई. डोकं खाली, पाय वर. उलटं होताना माझी एक जुनी टीप उसवली आणि गणवेशाचा निळा तुकडा बाहेर आला. शिंपीकाकांनी तो हातात घेऊन ओळखला, आणि सुईदोरा आणायला ते लगबगीने दुकानात गेले. इतक्या वर्षांनी माझ्या पोटातला दगड वर सरकला, आणि मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

शिडी त्या संध्याकाळी दादाकडे जेवून गेला. वहिनींनी मोठं ताट काढलं होतं, असं ताईच मुलांना सांगत होती. तो आता दूर असतो, पण रविवारी त्याचा फोन येतो. भिंतीवरची लाल ओळ ताईने पत्र्याने खरवडून काढली. फोटोशेजारी तिने दुसरा फोटो लावला, उंच आणि हडकुळ्या मुलाचा. तो दादाच्या फोटोपेक्षा बोटभर खाली असावा, असा शिंपीकाकांचा आग्रह होता, पण तो कुणी ऐकला नाही. पायरीवर आता नवा वाद आहे, की ती लढत झाली असती तर कोण जिंकलं असतं? शिंपीकाका आणि कंपाउंडर, दोघेही माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, हिलाच माहीत. आहेच मला माहीत. पण इतकं सगळं पाहिल्यावर, तो वाद मिटवायची मला घाई नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी माझ्यासारख्या जुन्या वस्तू असतील. त्यांना नुसतं तेल लावून टांगू नका. वापरा, आणि अधूनमधून पालटा. आणि जी गोष्ट तुम्ही रोज एकाच बाजूने सांगता, तीही कधीतरी उतरवून उलटी करून बघा. तिच्या तळाशी कुणाचा तरी हात मोडत असतो.

आता मी पुन्हा कामाला लागले आहे. मुलं मला बडवतात, अंग दुखतं, बरं वाटतं. शनिवारी सरावाला सगळे वेळेवर येतात. फक्त दादा येत नाही. तो समोरच्या गल्लीत, मोच्याच्या जुन्या दुकानाशी उभा राहतो आणि शेवटचं पोर आत गेलं की मग निघतो. दारात आल्यावर ताई विचारते, "आज परत उशीर, बाबा?"

"झाला खरा," दादा म्हणतो, आणि बाह्या वर करत माझ्याकडे येतो.